ठिपके थांबतात तेव्हा: एका कलिल काचेचं प्रकरण

चिक्कीचा पाक झाला की नाही हे पाहायला वाटीतल्या गार पाण्यात त्याचा एक थेंब टाकतात. थेंब बाहेर काढून बोटांनी मोडला आणि ‘कट्’ वाजला की पाक झाला. पाण्यात पडण्याआधी तो थेंब वाहता होता, दोन-चार सेकंदांत कडक झाला, पण त्यात साखरेचा एकही दाणा तयार झाला नाही. तो थेंब म्हणजे काच. खिडकीच्या काचेशी त्याचं रसायन जुळत नाही, अवस्था जुळते. रेणू द्रवात जसे अस्ताव्यस्त होते तसेच राहिले आणि जागच्या जागी अडकले.

गुलाबजामच्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळतात ते याच कुटुंबातलं. नुसता साखरेचा पाक ठेवला तर काही दिवसांनी साखर धरतो, तळाशी खडे जमतात. लिंबाच्या आम्लाने साखरेचा थोडा भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. वेगवेगळ्या घडणीचे रेणू मिसळले की एकसारखी रांग लावणं अवघड होतं आणि स्फटिक धरत नाही. हे लिंबू लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

द्रवाची काच होते तेव्हा नेमकं काय बदलतं, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. पाण्याचा बर्फ होताना रेणूंची मांडणीच बदलते, हे क्ष-किरणांनी स्पष्ट दिसतं. काचेच्या बाबतीत मांडणी पाहिली तर आधीची आणि नंतरची जवळपास सारखीच. बदलतो तो वेग. द्रव गार होत जातो तसा रेणूला जागा सोडायला लागणारा वेळ सेकंदाच्या लाखकोटीव्या भागापासून (पिकोसेकंदापासून) मिनिटांपर्यंत वाढतो, म्हणजे दहाच्या चौदा घातांचा फरक. श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, 10¹² पास्कल-सेकंदांवर गेली की ‘काच झाली’ म्हणायचं, असा रूढ संकेत आहे. पाण्याची श्यानता एक सहस्रांश पास्कल-सेकंद असते. पण 10¹² ही रेषा माणसाने आखलेली आहे. ती निसर्गाने कुठे आखली आहे का, हे शोधायचं तर रेणूंची चाल त्या सगळ्या पल्ल्यात मोजावी लागते, आणि एवढा पल्ला एका उपकरणात मावत नाही.

या अडचणीतून एक वाट 1986 च्या सुमारास निघाली आणि ती अनेक वर्षं काच-संशोधनाचा मुख्य रस्ता ठरली. पुढे तिच्यावर दोन मोठे आक्षेप आले, एक अवकाशातून आणि एक फ्रान्समधून. हे सगळं मिळून एकच प्रकरण आहे असं मी मानतो, कारण तिन्ही ठिकाणी प्रश्न तोच होता: आपण किती वेळ थांबायला तयार आहोत?

रेणूऐवजी गोळ्या

इंग्लंडच्या वूस्टरशरमधल्या माल्व्हर्न गावात ‘रॉयल सिग्नल्स अँड रडार एस्टॅब्लिशमेंट’ ही सरकारी संस्था होती. रडारच्या संस्थेत प्रकाशाचा एकेक फोटॉन मोजण्याचं तंत्र कसं वाढलं याचं नवल वाटेल, पण गोंगाटातून सिग्नल वेगळा काढणं हा तिथल्या लोकांचा रोजचाच विषय होता. 1970 च्या आसपास त्यांनी फोटॉनांच्या येण्यातला सहसंबंध झटपट मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बांधली. त्यांना कोरिलेटर म्हणतात. पीटर प्युसी तिथले शास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल मेलबर्न इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले विल्यम व्हॅन मेगन हे त्यांचे जोडीदार.

रेणू फार लहान आणि फार चपळ असतात. म्हणून या दोघांनी त्यांच्या जागी द्रवात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या गोळ्या घेतल्या. द्रवात पसरलेल्या अशा बारीक कणांच्या मिश्रणाला कलिल म्हणतात. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे आपण ज्याला अॅक्रिलिक म्हणतो, त्याच्या सुमारे 300 नॅनोमीटर त्रिज्येच्या गोल गोळ्या. प्रत्येक गोळीवर दहा-एक नॅनोमीटर जाडीची लव असते. दोन गोळ्या जवळ आल्या की लव लवेला भिडते आणि त्या चिकटत नाहीत. आकर्षण नाही, दुरून रेटणं नाही, भिडल्या की टणक. भौतिकशास्त्रात अशा गोळ्यांना कठीण गोल म्हणतात, आणि कठीण गोलांचा फार मोठा फायदा असा की त्यांच्यात तापमानाला जवळजवळ काही काम उरत नाही. सगळं ठरतं ते एका आकड्यावर: एकूण घनफळापैकी गोळ्यांनी किती व्यापलं. या वाट्याला φ म्हणतात.

पायलीने धान्य मोजलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना φ समजावून सांगायला नको. नुसतं ओतलेलं धान्य आणि हलवून, ठोकून भरलेलं धान्य यांत फरक पडतो, तो φ चा. एकसारखे गोल कसेही ठोकून भरले तर φ सुमारे 0.64 पर्यंत जातो. फळवाले संत्री रचतात तसे शिस्तीत रचले तर 0.74 पर्यंत. काचेची गोष्ट या दोन आकड्यांच्या अलीकडे घडते.

अजून एक अडचण होती. अशी दाट कालवण दुधासारखी पांढरी दिसते. प्रकाश आत शिरतो आणि शंभर ठिकाणी आपटून बाहेर येतो. त्याने आतलं काय सांगावं? यावर उपाय भज्यांच्या कागदाचा. कागद पांढरा दिसतो, कारण त्याचे तंतू आणि मधली हवा यांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) वेगळा असतो. तेल लागलं की फरक कमी होतो आणि कागद आरपार दिसू लागतो. प्युसी आणि व्हॅन मेगन यांनी डेकॅलिन आणि कार्बन डायसल्फाइड या द्रवांचं मिश्रण असं साधलं की द्रवाचा अपवर्तनांक गोळ्यांच्या जवळपास आला. पांढरी कालवण निवळली. किंचित फरक मुद्दाम ठेवला, कारण तोही गेला तर विकिरणच, म्हणजे प्रकाशाचं विखुरणंच, होणार नाही आणि पाहायला काही उरणार नाही.

1986 च्या मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा छोटा निबंध आला. वाढत्या φ च्या कुप्या नीट ढवळून एका ओळीत ठेवून दिल्या होत्या. विरळ कुप्यांमध्ये द्रवच राहिला. त्यापुढच्या कुप्यांमध्ये खाली स्फटिक आणि वर द्रव असे दोन थर झाले. त्याहून दाट कुप्या पूर्ण स्फटिकांनी भरल्या. गोळ्यांमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळचं असल्याने हे स्फटिक ओपल खड्यासारखे रंगीत चमकतात, कुपी फिरवली की हिरवं, तांबडं, निळं पालटत जातं. संगणकावरच्या हिशोबांनी कठीण गोलांसाठी गोठणबिंदू 0.494 आणि वितळणबिंदू 0.545 असे 1968 मध्येच सांगितले होते. कुप्या त्याप्रमाणे वागल्या.

मग सर्वांत दाट कुप्या. तिथे चमक नाही. शिस्तीत बसण्यात त्यांचा फायदा सगळ्यात जास्त असूनही φ सुमारे 0.58 च्या वर गोळ्या जशा होत्या तशाच राहिल्या. पाक साखरला नाही, कडक झाला.

भिंतीवर जे दिसतं

डोळ्यांना एवढंच दिसतं की चमक आली नाही. आत गोळ्या हलतात की नाहीत, हे सांगायला प्रकाश-विकिरण लागतं. ते तंत्र काय आहे हे घरीही पाहता येतं. काचेच्या पट्टीवर पाणी घातलेल्या दुधाचा थेंब ठेवावा, त्यावर लेझर पॉइंटर धरावा आणि पलीकडच्या पांढऱ्या भिंतीवर काय पडतं ते अंधारात पाहावं. (लेझर आणि त्याचं परावर्तन डोळ्यांत जाऊ देऊ नये, मुलं जवळ असतील तर विशेष काळजी घ्यावी.) भिंतीवर नुसता लाल डाग पडत नाही. बारीक उजेड-अंधाराचे दाणे पडतात आणि ते उकळत्या पाण्यासारखे सतत सळसळत असतात. दुधाऐवजी नेलपॉलिशचा ओला थेंब ठेवला तर आणखी छान दिसतं. आधी ठिपके सळसळतात, मग जसं ते सुकत जातं तशी सळसळ मंदावते आणि शेवटी ठिपके जागीच थिजतात.

ठिपके का पडतात? प्रत्येक कणावरून निघालेली लाट भिंतीवर येऊन दुसऱ्या कणांच्या लाटांमध्ये मिसळते. काही ठिकाणी लाटा एकमेकींना जोर देतात, काही ठिकाणी मारून टाकतात. कण अर्ध्या तरंगलांबीएवढे जरी सरकले तरी हिशोब बदलतो आणि उजेडाची जागा अंधार घेतो. म्हणजे एका ठिपक्याच्या उजेडाचा चढ-उतार हा आतल्या कणांच्या हालचालीचा थेट पाढा आहे.

प्रयोगशाळेत भिंतीच्या जागी एक बारीक छिद्र आणि फोटॉन मोजणारी नळी असते. कोरिलेटर विचारतो: आत्ताचा उजेड आणि τ एवढ्या वेळानंतरचा उजेड यांचं किती जमतं? τ फार लहान असेल तर पूर्ण जमतं. τ वाढला की जमणं कमी होत जातं. या उतरत्या जमण्याचा आलेख म्हणजेच पुढे येणारा ‘वक्र’. ते कुठे ओसरतं, तिथे कणांची ओळख पुसली गेली. कुठल्या लांबीवर ओळख पाहायची हे विकिरणाच्या कोनावर ठरतं. 633 नॅनोमीटरचा लाल हेलियम-निऑन लेझर, 1.5 च्या आसपास अपवर्तनांक आणि 90 अंशांचा कोन घेतला तर ही लांबी जवळजवळ 300 नॅनोमीटर निघते, म्हणजे साधारण गोळीच्या त्रिज्येएवढी. एक गोळी शेजारणीपासून किती सरकते, नेमकं तेच या पट्टीने मोजलं जातं. हे जुळणं मला या प्रयोगातलं सगळ्यात देखणं अंग वाटतं.

वेळेचं गणितही सोयीचं बसतं. विरळ मिश्रणात अशा गोळीला स्वतःच्या त्रिज्येएवढं भटकायला, डेकॅलिनची श्यानता धरून, साधारण सेकंदाचा विसावा भाग लागतो. रेणूंचा पिकोसेकंदांचा खेळ इथे सेकंदाच्या भागांत आला. म्हणजे सहा-सात घातांचा मंदावा पाहायचा असेल तर काही दिवसांत तो पाहून होतो. गोळ्या घेण्याचं खरं कारण हेच होतं. रेणूंच्या द्रवांवरही प्रकाश-विकिरणाने पुष्कळ काम झालं. न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये हर्मन कमिन्स यांच्या गटाने कॅल्शियम-पोटॅशियम नायट्रेटच्या वितळलेल्या मिठावर फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटर (विखुरलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीतला बारीक बदल मोजणारं यंत्र) लावून अतिजलद पल्ला मोजला. काचेच्या विकिरणावर आपल्याकडेही फार आधी लक्ष गेलं होतं. सी. व्ही. रामन यांचा अस्फटिक घन पदार्थांमधल्या प्रकाश-विकिरणावरचा निबंध 1927 चा आहे, म्हणजे ज्या शोधाला त्यांचं नाव लागलं त्याच्या एक वर्ष आधीचा. पण एका उपकरणात द्रवापासून काचेपर्यंतची पूर्ण वाट दाखवली ती गोळ्यांनीच.

मापनच अडलं

1987 मध्ये प्युसी आणि व्हॅन मेगन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये काच-संक्रमण दिसल्याचं लिहिलं. त्यासाठी दाट कुप्यांवर लेझर धरताच एक अशी गोष्ट समोर आली होती जिने तंत्राच्या मुळालाच हात घातला.

ठिपके थिजले होते. पूर्ण नाही. मंद थरथर होती, पण एखादा उजळ ठिपका तासाभरानेही उजळच होता आणि शेजारचा अंधारा अंधाराच. आता कोरिलेटरचं गणित एका गृहीतावर उभं असतं. एका जागी पुरेसा वेळ थांबलं की नमुन्यातल्या सगळ्या जागांची सरासरी आपोआप मिळते, कारण कण फिरत-फिरत सगळ्या मांडण्यांमधून जातात. या गुणाला अर्गोडिकता म्हणतात. एका भाताच्या शितावरून सगळ्या भाताची परीक्षा करतात ना, तसं. फक्त इथे शीत एकच आणि वेळ भरपूर. द्रवात हे चालतं. काचेत नाही चालत, कारण काचेतले कण सगळ्या मांडण्यांमधून जातच नाहीत. एका ठिपक्याचा वक्र काढा, शेजारच्याचा काढा, दोन्ही वेगळे. दोन्ही बरोबर, आणि दोन्हीपैकी एकही नमुन्याचा नाही.

म्हणजे काच होण्याची जी खूण, तीच मापनाचं गृहीत मोडण्याची खूण. दुसरा कोणी असता तर हे नमुने मोजण्यालायक नाहीत म्हणून बाजूला ठेवले असते. प्युसी आणि व्हॅन मेगन यांनी 1989 मध्ये ‘फिजिका ए’मध्ये सविस्तर निबंध लिहून त्या मोडलेल्या गृहीतालाच मोजण्याची वस्तू केलं.

त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. एका ठिपक्यात येणाऱ्या प्रकाशाचे दोन भाग धरा. एक, कण आपापल्या जागी जी थरथर करतात तिच्यामुळे बदलणारा भाग. दुसरा, मांडणी कायमची अडकल्यामुळे कधीच न बदलणारा भाग. ठिपका उजळ असेल तर त्यात थिजलेला भाग मोठा, अंधारा असेल तर लहान. मग कुपी हळूहळू फिरवून किंवा सरकवून हजारो ठिपक्यांची सरासरी तीव्रता मोजायची. ही झाली सगळ्या नमुन्याची सरासरी. कुपी पुन्हा स्थिर करून एकाच ठिपक्याचा वक्र काढायचा आणि त्या ठिपक्याची सरासरी तीव्रता पाहायची. या दोन सरासरींच्या गुणोत्तरावरून त्या ठिपक्यात थिजलेला वाटा किती होता ते कळतं, आणि त्यावरून पूर्ण नमुन्याचा खरा वक्र बांधता येतो. ठिपका कुठलाही घ्या, उत्तर तेच यायला हवं. तसं ते आलं.

ही पद्धत आज काहीशी जुनी झाली आहे. पुढे नळीऐवजी कॅमेरा आला. हजारो ठिपके एकाच वेळी टिपले की कुपी फिरवायची गरजच उरत नाही. बहुविकिरण (एकाच प्रकाशाचं अनेकदा विखुरणं) गाळायला दोन लेझर वापरून परस्पर-सहसंबंध काढण्याची तंत्रंही 1990 च्या दशकात आली. तरी गृहीत मोडतं आहे हे ओळखून त्यातूनच आकडा काढण्याची ती पहिली चाल मला नंतरच्या सगळ्या सुधारणांपेक्षा मोठी वाटते.

पिंजऱ्याचा आकार

दुरुस्त केलेले वक्र कसे दिसतात? विरळ द्रवात वक्र एकाच उतारावर खाली येतो. φ 0.5 च्या पुढे गेला की उताराच्या मध्ये एक पायरी दिसू लागते. वक्र आधी थोडा उतरतो, मग थबकतो, जवळपास सपाट चालतो, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा उतरतो.

पहिला उतार म्हणजे गोळीची आपल्या पिंजऱ्यातली थरथर. पिंजरा शेजारच्या दहा-बारा गोळ्यांचाच. त्या प्रत्येकीचा पिंजरा पुन्हा तिच्या शेजारणींचा, त्यात ही गोळीही आली. सपाट भाग म्हणजे पिंजऱ्याला अडकून राहिलेली आठवण. दुसरा उतार म्हणजे पिंजरा फुटून गोळी निसटली. φ वाढत जातो तसा हा दुसरा उतार उजवीकडे, आणखी उजवीकडे सरकतो, आणि 0.58 च्या आसपास प्रयोगाच्या वेळेत तो दिसतच नाही. सपाटीच राहते. संरचनेच्या मुख्य शिखरापाशी, म्हणजे शेजारच्या गोळ्यांमधल्या अंतराएवढ्या लांबीवर, तिची उंची चार-पंचमांशाहून जास्त भरते, म्हणजे त्या लांबीवर गोळ्यांची चार-पंचमांशाहून जास्त आठवण टिकूनच राहते.

योगायोगाने 1984 मध्ये बेंग्त्सेलियुस, गोट्झे आणि श्योलांडर यांनी, आणि वेगळेपणाने लॉयट्हॉयसर यांनी, मोड-कपलिंग नावाचा सिद्धांत काचेला लावला होता. त्याला हवा होता फक्त द्रवाच्या मांडणीचा तपशील. त्यातून तो दोन टप्प्यांचा उतार सांगत होता. सपाटीची उंची कोणत्या लांबीवर किती असेल तेही सांगत होता, आणि मंदावण्याचा वेग एका ठराविक घाताने, कठीण गोलांसाठी सुमारे 2.6, वाढेल असंही. व्हॅन मेगन आणि अंडरवुड यांनी 1994 पर्यंत यातली एकेक गोष्ट ताडून पाहिली. आकार जुळले. सपाटीच्या उंच्या जुळल्या. संक्रमणाची जागा मात्र जुळली नाही. सिद्धांत 0.52 च्या आसपास काच सांगत होता आणि कुप्या 0.58 ला थिजत होत्या. जागा हलवून घेतली तर बाकी चित्र बसत होतं. इतक्या कमी माहितीवर उभ्या सिद्धांताचं इतकं जुळणं विलक्षण होतं, आणि त्या दशकात कलिल काच ही मोड-कपलिंगची सर्वांत बळकट साक्ष ठरली. 2000 मध्ये एरिक वीक्स आणि डेव्हिड वाइट्झ यांच्या गटाने कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली (तो एका वेळी आतला एकच पातळ थर दाखवतो) गोळ्या प्रत्यक्ष पिंजऱ्यात अडकताना आणि गटागटाने निसटताना पाहिल्या, तेव्हा वक्रातल्या पायरीला डोळ्यांनी पाहिलेला आधार मिळाला.

पहिला आक्षेप: वजन काढून घेतलं तर?

अॅक्रिलिक डेकॅलिनहून जड असतं. ढोबळ हिशोबाने 300 नॅनोमीटर त्रिज्येची एकटी गोळी दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली बसते. दाट कालवणीत हे फार मंद होतं, पण थांबत नाही. मग 0.58 च्या वर स्फटिक धरत नाही याचं कारण गोळ्यांची दाटी, की त्यांचं वजन?

प्रिन्स्टनच्या पॉल चेकिन आणि विल्यम रसेल यांच्या गटाने हे तपासायला कुप्या कोलंबिया अवकाशयानातून पाठवल्या. ऑक्टोबर 1995 मधलं ते सोळा दिवसांचं उड्डाण. निकाल 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये आला: पृथ्वीवर वर्षभराहून अधिक काळ काच राहिलेले नमुने सूक्ष्म-गुरुत्वात दोन आठवड्यांच्या आत स्फटिक झाले.

याचा अर्थ कसा लावायचा यावर मतभेद राहिले. कोणी म्हणालं, 0.58 ही काचेची जागाच नव्हे, ती पृथ्वीवरची अडवणूक आहे. मला हे टोकाचं वाटतं. स्फटिक धरणं आणि द्रवासारखं वाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळीला स्फटिकात बसायला पूर्ण पिंजरा फोडून लांब जावं लागत नाही, थोडंसं सरकून शेजारणींशी रांग जुळवली तरी पुरते. त्यामुळे एखादी काच वाहत नसतानाही साखरू शकते. आणि इथे लिंबू येतं. माल्व्हर्नच्या गोळ्या आकाराने जवळजवळ सारख्या होत्या, त्रिज्येत पाच टक्क्यांच्या आसपास फरक. इतक्या सारख्या गोळ्यांना रांग लावण्याची ओढ असतेच. आकारातला फरक दहा-बारा टक्क्यांवर गेला की एकसारखी रांग बसत नाही, पाकात लिंबू पिळल्यासारखं होतं. म्हणजे काचेचा स्वभाव पाहायचा असेल तर गोळ्या मुद्दाम असमान घ्याव्यात, हा धडा त्या उड्डाणाने अधिक ठळक केला असं मी म्हणेन.

दुसरा आक्षेप: अजून थांबलो तर?

फ्रान्समधल्या माँपेलियेमध्ये लुका चिपेलेत्ती यांच्या गटाने नेमकं ते केलं. गोळ्या लहान घेतल्या, म्हणजे त्यांचं घड्याळ आपोआप जलद झालं आणि वजनाचा त्रासही घटला. आकारात दहा टक्क्यांच्या आसपास फरक ठेवला, म्हणजे स्फटिकाची भीती गेली. आणि मोजणं सोडलं नाही. 2009 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये ब्रांबिला, चिपेलेत्ती, बर्थिए आणि सहकाऱ्यांनी सात घातांच्या पल्ल्यातले वक्र मांडले.

त्यांच्या आकड्यांना मोड-कपलिंगचा घात लावला तर संक्रमण 0.59 ला यायला हवं होतं. त्या जागेच्या आधीपर्यंत सिद्धांत नीट बसतो. त्या जागी मात्र वक्र थिजले नाहीत. 0.59 च्या पलीकडे, सुमारे 0.597 पर्यंत, दुसरा उतार आला. उशिरा आला, पण आला. ज्याला आपण काच म्हणत होतो ते अतिशय मंद द्रव निघालं, आणि मंदावण्याचा वेग घातसूत्रापेक्षा वेगळ्या, घातांकी वळणाने वाढत होता. म्हणजे सिद्धांताची सीमा ही खरी भिंत नव्हती. गोळ्या तिथून दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, बहुधा एकमेकींना सोबत घेऊन गटाने, निसटत राहतात.

व्हॅन मेगन आणि विल्यम्स यांनी यावर हरकत घेतली. असमान गोळ्यांत लहान गोळ्या मोठ्यांच्या फटींतून वाट काढतात, मग ती मंद हालचाल संक्रमणापलीकडची म्हणायची की मिश्रणाचा परिणाम? आणि φ नेमका किती, हे कोणी ठरवलं? हरकत पोरकट नव्हती. माल्व्हर्नमध्ये φ ठरवताना स्फटिक जिथे पहिल्यांदा दिसलं तिथे 0.494 लिहून बाकी सगळे आकडे त्यावरून बसवले होते. स्फटिकच होत नाही अशा असमान गोळ्यांत तो खुंटाच नाही. लवेची जाडी किती धरायची, द्रव गोळीत किती मुरला, वाळवून वजन केलं तर घनता कुठली घ्यायची, प्रत्येक पायरीवर थोडी चूक शिरते. 2012 मध्ये पून, वीक्स आणि रॉयल यांनी हा सगळा हिशोब मांडून दाखवला की कलिलांचा φ सांगताना काही टक्क्यांची अनिश्चितता जवळजवळ अटळ असते. 0.58 चे काही टक्के म्हणजे दुसऱ्या दशांशस्थानी एक-दोन आकडे. वाद ज्या फरकावर चालला होता तो याच्या आतच बसतो.

म्हणून मी या प्रकरणात आकड्यापेक्षा वक्राच्या आकारावर विश्वास ठेवतो. पायरी आहे, हे माल्व्हर्न, मेलबर्न आणि माँपेलिये या तिन्ही ठिकाणी सारखंच दिसलं. पिंजरा खरा आहे. पिंजऱ्याची सपाटी कोणत्या लांबीवर किती उंच, हे सिद्धांताने आधी सांगितलं आणि लेझरने नंतर दाखवलं, हेही पक्कं. 0.58 हे मात्र एका प्रयोगाच्या संयमाचं नाव आहे, आणि ते नाव म्हणूनच वापरावं. पदार्थाच्या स्वभावात एखादी खरी रेषा याहून पुढे, 0.64 च्या जवळ कुठे आहे का, की रेषाच नाही, यावर माणसं अजून भांडतात आणि भांडण्याला कारण आहे.

या भांडणातून प्रयोगाच्या रोजच्या सवयीत एक बदल झाला. दाट कुपी वळवून-ढवळून ठेवली की त्या क्षणापासून तिचं वय धरतात. एका तासाच्या कुपीचा दुसरा उतार जिथे येतो, तीच कुपी दिवसभर पडून राहिली की तो आणखी उजवीकडे गेलेला असतो. काच म्हातारी होते आणि म्हातारी होताना मंदावते. म्हणून आता वक्राशेजारी φ एकटा लिहीत नाहीत. शेवटचं ढवळून किती वेळ झाला, तेही लिहितात.